फ्रीजरमधलं दूधदुभतं : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

दही फ्रीजरमध्ये ठेवता येतं का असं विचारलं की अर्धे लोक म्हणतात येतं की, काही होत नाही, आणि अर्धे म्हणतात छे, चोथापाणी होतं नुसतं. मला वाटतं दोघंही खरंच सांगत असतात, फक्त एकाने ते पिठात कालवलेलं असतं आणि दुसऱ्याने वाटीत घेऊन चमच्याने खायला घेतलेलं असतं. म्हणून या प्रकल्पात "टिकतं का" हा प्रश्न मी घेतच नाहीये. उणे १८ अंश सेल्सिअसला जंतू वाढत नाहीत, टिकतंच ते. मला बघायचंय की वितळल्यावर ते कशाच्या कामाचं उरतं.

यादी अशी धरलीये: घरी लावलेलं दही, त्याचाच चक्का, ताक, दूध, क्रीम, लोणी आणि चीजचे दोनतीन प्रकार. तूप नाही घेतलं, त्यात पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे फ्रीजरमुळे त्याचं बिघडण्यासारखं काही नाही आणि त्याला फ्रीजरची गरजही नाही.

आजचं काम एकच, थर्मामीटर आत ठेवून बघणे. मागच्या भिंतीपाशी उणे १९ दाखवतोय, दाराच्या कप्प्यात उणे १५ च्या आसपास, आणि दार दोनचार वेळा उघडलं की तिथलं अजून वर सरकतं. म्हणजे या प्रकल्पातलं काहीही दारात ठेवायचं नाही.

अजून एक, सुरुवातीलाच लिहून ठेवते. गोठवल्याने जंतू मरतात असं बरेच जण धरून चालतात, तसं नाहीये, काही मरतात पण बहुतेक फक्त थांबतात आणि वितळल्यावर परत कामाला लागतात. त्यामुळे आठवडाभर फ्रीजमध्ये पडून वास मारायला लागलेलं दही फ्रीजरमध्ये टाकून सुधारणार नाही. ठेवायचं तर ताजं असताना ठेवायचं, "आता उद्या टाकूनच द्यावं लागेल" अशा दिवशी नाही.

५ जानेवारी

दही लावलं, दोन भांडी. एकातलं दूध फक्त कोमट केलं, ४३ अंशांच्या आसपास, आणि विरजण लावलं (दूध पाश्चराइज केलेलं होतं म्हणून हे चालतं). दुसऱ्यातलं दूध ८५ ते ९० अंशांवर नेऊन अर्धा तास तिथेच धरलं, मधूनमधून ढवळत, मग कोमट होऊ दिलं आणि तेवढंच विरजण त्यालाही लावलं.

हा खटाटोप कशासाठी तर दुधात केसीन हे मुख्य प्रथिन सोडून अजून एक प्रथिनांचा गट असतो, व्हे प्रोटीन, त्यातलं मुख्य म्हणजे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. ते एवढ्या तापमानाला उलगडतं आणि केसीनच्या कणांना जाऊन चिकटतं, आणि मग दही लागताना जे प्रथिनांचं जाळं तयार होतं ते बारीक विणीचं होतं आणि पाणी जास्त धरून ठेवतं. ताज्या दह्यात हा फरक चमच्याला लगेच कळतो. फ्रीजरमधून जाऊन आल्यावरही तो राहतो का ते बघायचंय.

दोन्ही व्यवस्थित लागली. कोमट केलेल्याचं दही सैल आहे, भांडं तिरकं केलं की कडेला पाणी जमतं. तापवलेल्याचं एकदम कवडी दही, चमच्याने कापलं तर कड तशीच उभी राहते. त्यातलं अर्धं रात्री फडक्यात बांधून गाळणीवर ठेवलंय, फ्रीजमध्येच, चक्क्यासाठी.

६ जानेवारी

आज सगळं फ्रीजरमध्ये गेलं. प्रत्येक दह्याचे दोन भाग केले, एक भाग डब्यात भरून, चांगला चार बोटं उंचीचा, आणि दुसरा भाग झिपच्या पिशवीत भरून हवा काढून ताटावर सपाट पसरवलेला, जेमतेम बोटभर जाड. चक्का आइस ट्रेमध्ये दाबून भरला. शिवाय तापवलेल्या दुधाच्या दह्यात साखर फेटून त्याची एक वेगळी पिशवी केली.

जाडीवर एवढा भर का, तर पाणी गोठवणं हे फ्रीजरसाठी फार मोठं काम असतं. एक किलो पाणी एका अंशाने थंड करायला साधारण ४.२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि तेच पाणी शून्य अंशावर असताना त्याचा फक्त बर्फ करायला ३३४. म्हणजे ८० अंशांचं गरम पाणी शून्यापर्यंत आणण्याइतकं काम एकट्या गोठण्यात जातं, तापमान एक अंशही न हलता. आणि ही सगळी उष्णता मधल्या भागातून बाहेरच्या थरांतून वाट काढत बाहेर यायची असते. त्यामुळे जाडी दुप्पट केली की वेळ नुसता दुप्पट होत नाही, चौपटीच्या दिशेने जातो.

आणि वेळ महत्त्वाचा कारण साधारण उणे १ ते उणे ५ या टप्प्यात बहुतेक पाण्याचा बर्फ होतो. हा टप्पा पटकन पार झाला तर स्फटिक बारीक आणि पुष्कळ होतात, रेंगाळला तर थोडे पण मोठे आणि टोकदार. क्लॅरेन्स बर्ड्सआय या माणसाने १९२० च्या दशकात झटपट गोठवण्याची पद्धत बसवली ती याच जोरावर, कॅनडातल्या लॅब्राडोर भागातल्या कडाक्याच्या थंडीत पाण्याबाहेर काढलेले मासे क्षणात गोठायचे आणि शिजवल्यावर ताज्यासारखे लागायचे हे त्याने बघितलं होतं. घरच्या फ्रीजरला तेवढा वेग नाही, पण पातळ थर करणं आपल्या हातात आहे.

पिशव्यांवर मार्करने नाव आणि तारीख. ओल्या पिशवीवर मार्कर चालत नाही, भरायच्या आधी लिहायचं.

७ जानेवारी

सपाट पिशव्या काल रात्रीच कडक झाल्या होत्या. डब्यातल्या दह्यात सकाळी सुरी खुपसली तर वरून कडक आणि मध्ये अजून लापशीसारखं. चक्क्याचे क्यूब ट्रेमधून काढून एका पिशवीत टाकले, ट्रे मोकळा.

९ जानेवारी

वितळवले. सगळे काल रात्री फ्रीजर मधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले होते, ओट्यावर नाही. ओट्यावर वितळवलं की बाहेरचा भाग कोमट होऊन जातो आणि मध्ये अजून बर्फ असतो, आणि ४ अंशांच्या वर जंतूंना परत मोकळं रान मिळतं.

एकेक बघू.

कोमट दुधाचं दही, डब्यातलं: झाकण काढलं तर वर हिरवट पिवळं पाणी उभं आणि खाली पांढरा चुरा बसलेला. चमचा घातला तर दही कापलं जात नाही, सरकतं, थर थर होऊन सुटतं जसे काही पातळ पापुद्रे एकावर एक ठेवलेत, आणि प्रत्येक दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाणी. हे पापुद्रे म्हणजे जिथे जिथे बर्फाचे मोठे स्फटिक वाढले त्यांच्या मधल्या फटीत दाबलं गेलेलं केसीन. स्फटिक वितळले, त्यांची जागा रिकामी झाली, पण केसीन एकमेकांना इतकं चिकटलंय की ते परत पाणी शोषून घेत नाही. जिभेवर बारीक रवा असल्यासारखं लागतं. चव मात्र तीच, आंबटपणा तोच.

तेच दही सपाट पिशवीतलं: पाणी सुटलंय पण बरंच कमी, पापुद्रे दिसत नाहीत, रवाळपणा आहे पण शोधावा लागतो.

तापवलेल्या दुधाचं, डब्यातलं: मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं. पाणी आहे, पण डबा तिरका केल्याशिवाय दिसत नाही. सपाट पिशवीतलं तर हँड व्हिस्कने अर्धा मिनिट फेटलं आणि पातळसर पण एकसंध दही मिळालं, कोणी वाटीत दिलं तर मी खाईन. घट्ट नाही ते, काप पडणार नाही, पण खाण्यासारखं नक्की.

साखर घातलेलं: सगळ्यात गुळगुळीत. साखर पाण्यात विरघळलेली असली की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, उणे १८ लाही बरंच पाणी बर्फ न होता तसंच राहतं आणि जेवढा बर्फ कमी तेवढी जाळ्याची मोडतोड कमी.

चक्का: जवळपास जसाच्या तसा. क्यूबच्या कडेला दोन थेंब पाणी, बस. जे पाणी त्रास देणार होतं ते आधीच फडक्यातून गळून गेलं होतं.

इथे खरंतर सगळ्या प्रकल्पाचा धागा हाताला लागला असं वाटतंय. दूधदुभत्यातलं पाणी कुठे आणि कसं धरलेलं आहे यावरच सगळं ठरतं. दुधात ८७ टक्के पाणी आहे आणि साध्या दह्यातही जवळपास तेवढंच, फरक इतकाच की दह्यात ते पाणी एका नाजूक जाळ्यात अडकवलेलं आहे. लॅक्टोजचं, म्हणजे दुधातल्या साखरेचं, लॅक्टिक अॅसिड होत जातं, पीएच (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास आला की केसीनचे कण एकमेकांना दूर ढकलायचं थांबवतात आणि साखळ्या धरतात, तेच ते जाळं. बर्फाने ते एकदा फाटलं की फेटून गुळगुळीत करता येतं, पण पुन्हा विणता येत नाही.

सुटलेलं पाणी ओतून देऊ नका कोणी. त्यात व्हे प्रोटीन आहे, लॅक्टोज आहे, कॅल्शियम आहे, आणि तो हिरवट रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी २ जीवनसत्त्वाचा. फेटून परत आत घ्यायचं किंवा पीठ भिजवायला वापरायचं.

१० जानेवारी

वितळलेलं दही आज शिजवून बघितलं. सरळ उकळत्या रश्श्यात घातलं तर लगेच फाटलं, ताज्या दह्यापेक्षा लवकर, कारण याचं जाळं आधीच मोडलेलं आहे. दुसऱ्यांदा एक कप दह्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर फेटून, मंद आचेवर, सतत ढवळत घातलं, तर छान मिळून आलं, एक कणही सुटा दिसला नाही. स्टार्च फुगून पाणी धरतो आणि प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. मॅरिनेट करायला, केकच्या मिश्रणात, स्मूदीत फरक कळतच नाही, तिथे तसंही सगळं मोडायचंच असतं.

स्मूदीत वितळवायचीही गरज नाही, क्यूब सरळ मिक्सरमध्ये.

१४ जानेवारी

विरजणाचा प्रश्न. मला या प्रकल्पात सगळ्यात जास्त उत्सुकता याचीच होती. चांगलं विरजण हाताशी असणं म्हणजे काय हे ज्याचं विरजण एकदा बिघडलंय त्यालाच कळतं, मग चार दिवस दह्याला तार येते नाहीतर लागतच नाही. क्यूब करून ठेवता आलं तर फार मोठी सोय.

दही लावणारे मुख्य दोन जंतू, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस (हा दुसरा १९०५ मध्ये स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने शोधला, त्यावरूनच नाव). गोठताना यातले काही मरतात, स्फटिकांमुळे आणि शिवाय बाहेरचं पाणी बर्फ झालं की उरलेल्या पाण्यात क्षार आणि आम्ल दाट होतात आणि पेशीतलं पाणी ओढून घेतात त्यामुळे. पण दुधातली प्रथिनं आणि लॅक्टोज त्यांना बऱ्यापैकी वाचवतातही, म्हणून सगळे मरत नाहीत.

आज आठवड्याचा जुना एक क्यूब रात्री फ्रीजमध्ये वितळवून सकाळी ४३ अंशांच्या दुधात नीट कालवून लावला. शेजारी नेहमीच्या ताज्या विरजणाचं भांडं, दूध तेच, उबही तीच. ताज्याचं दुपारी लागलं. क्यूबवाल्याला अजून दोनएक तास जास्त लागले, पण लागलं ते अगदी घट्ट आणि चवीला स्वच्छ. आता या दह्यातून पुढचं लावलं की गाडी रुळावर, दुसऱ्या फेरीला उशीर व्हायचं कारण नाही कारण वाचलेल्या जंतूंनी आपली संख्या भरून काढलेली असते.

गोठलेला क्यूब सरळ कोमट दुधात टाकून पण बघितला. तो वितळेपर्यंत दूध थंड झालं आणि लागायला रात्र गेली. आधी वितळवलेलंच बरं.

२० जानेवारी

दूध. तीन प्रकारे ठेवलं: होमोजनाइज केलेलं (स्निग्धांश बारीक करून मिसळून टाकलेलं), न केलेलं (साय धरणारं), आणि स्किम्ड (स्निग्धांश काढलेलं).

बाटलीबद्दल आधी. पाण्याचा बर्फ होताना आकारमान ९ टक्क्यांच्या आसपास वाढतं, दुधाचंही त्याच बेताने. काचेची बाटली गळ्यापर्यंत भरून ठेवली तर ती तडकणार, यात नशिबाचा काही भाग नाही. प्लॅस्टिकचा डबा, रुंद तोंडाचा, वर दीड इंच मोकळा.

गोठलेलं दूध पिवळट दिसतं, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं खराब झालं, ताईनेही डबा उघडून आधी तेच विचारलं, "अगं हे नासलंय का?" नाही नासलेलं, वितळलं की परत पांढरं होतं.

अजून एक गंमत बघितली. अर्धवट वितळलेल्या डब्यातलं पहिलं पातळ दूध चमच्याने चाखलं तर चांगलं गोड आणि दाट, आणि मागे उरलेला बर्फ चोखला तर जवळजवळ पाणी. गोठताना शुद्ध पाणी आधी बर्फ होतं आणि साखर, क्षार, प्रथिनं उरलेल्यात दाटत जातात, वितळताना तेच उलटं. म्हणून दूध पूर्ण वितळवून नीट हलवल्याशिवाय वापरायचं नाही, नाहीतर पहिला कप मलईदार आणि शेवटचा पांढरं पाणी.

निकाल: स्किम्ड सगळ्यात चांगलं, ओळखू येत नाही. होमोजनाइज केलेलं हलवून घेतलं की प्यायलाही चालतं, खूप बारीक बघितलं तर ग्लासच्या कडेला पुसट कण. न केलेल्या दुधावर मात्र पिवळसर चकत्या तरंगतात. दुधातला स्निग्धांश छोट्या गोळ्यांच्या रूपात असतो आणि प्रत्येक गोळीभोवती एक पातळ पडदा, तो स्फटिकांनी फाटतो आणि गोळ्या एकत्र येतात. होमोजनाइज केलेल्यात गोळ्या आधीच इतक्या बारीक केलेल्या असतात की एकत्र यायला वेळ लागतो. गरम करून मिक्सरमधून फिरवलं की बऱ्यापैकी जमतं. कॉफीत तरंगलेलं दिसेल, शिजवण्यात काही कळणार नाही.

न तापवलेलं कच्चं दूध गोठवू नका, स्वच्छतेचा मुद्दा आहेच पण शिवाय त्यात लायपेज हे स्निग्धांश तोडणारं एन्झाइम चालू असतं, पडदा फाटला की ते थेट स्निग्धांशावर पडतं आणि दुधाला कडसर खवट चव येते. उकळलेल्या दुधात तो प्रश्न राहत नाही.

२३ जानेवारी

लोणी. फार लिहिण्यासारखं नाही, कारण लोणी फ्रीजरसाठीच जन्माला आलंय. ८० टक्के किंवा जास्त स्निग्धांश, पाणी १६ टक्क्यांच्या आत, आणि तेही इतक्या बारीक थेंबांत विखुरलेलं की प्रत्येक थेंबाचा बर्फ त्या थेंबापुरताच राहतो, मोठा स्फटिक वाढायला जागाच नाही.

काळजी फक्त वासाची. स्निग्धांश आजूबाजूचा वास ओढून घेतो, कांदा लसूण असलेल्या फ्रीजरमध्ये उघडं लोणी दोन आठवड्यांत कळतं. बटर पेपर, त्यावर फॉइल, मग पिशवी. आणि लागेल तेवढ्याच तुकड्यांत कापून, दरवेळी अख्खी वडी बाहेर काढून परत आत टाकू नये. सहा ते नऊ महिने आरामात, त्यानंतर हवेशी होणारी क्रिया फ्रीजरमध्येही हळूहळू चालूच असते आणि खवटपणा यायला लागतो.

२८ जानेवारी

क्रीम. डब्यात ठेवलेलं पातळ क्रीम वितळल्यावर वर लोण्यासारखे गोळे आणि खाली पाणचट दूध. सूपमध्ये गरम करून घातलं तर चाललं. फेटायला घेतलं तर फेस धरतच नाही, दाणेदार होतं आणि थोडं जास्त फेटलं की सरळ लोणी निघायला लागतं. कारण दुधासारखंच, फक्त इथे गोळ्या एकमेकांच्या इतक्या जवळ आहेत की पडदे फाटले की एकत्र यायला वेळ लागत नाही.

यावर उपाय म्हणजे क्रम उलटा करायचा. आधी साखर घालून फेटायचं, बटर पेपरवर चमच्याने ढीग घालायचे, ते उघडेच गोठवायचे आणि कडक झाले की पिशवीत. फेटताना आतल्या हवेच्या बुडबुड्यांभोवती स्निग्धांशाच्या गोळ्या अर्धवट जोडल्या जाऊन भिंती उभ्या राहिलेल्या असतात, त्या गोठल्यावर पण बऱ्याच शाबूत राहतात. गरम कॉफीवर किंवा केकवर थेट. हे मी कायमचं सुरू करतेय.

२ फेब्रुवारी

चीज आणि पनीर. चेडरसारख्या कडक चीजमध्ये पाणी ३५-४० टक्के, त्यामुळे सुरक्षित आहे पण वितळल्यावर काप पडत नाही, हातात भुगा होतो. म्हणून किसूनच ठेवायचं, किसात थोडं कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं की गोळा होत नाही, आणि वितळवायचं नाही, गोठलेलंच पिझ्झ्यावर, पास्त्यावर. मोझरेलाचंही तसंच. क्रीम चीज दाणेदार झालं, ब्रेडवर लावायला वाईट, केकच्या मिश्रणात फेटल्यावर ठीक. कॉटेज चीज पूर्ण फसलं, दाणे रबरासारखे आणि पाणी वेगळं, ते फ्रीजरमध्ये ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत.

पनीरचे चौकोन करून, एकमेकांना न चिकटू देता गोठवले. वितळल्यावर थेट खाल्ले तर कोरडे आणि भुसभुशीत. गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवले तर मऊ झाले, आत बारीक छिद्रं तयार झालीयेत आणि त्यात रस्सा चांगला शिरतो, एका अर्थी ताज्यापेक्षा बरे. तळायला मात्र नको, पाणी उडतं.

५ फेब्रुवारी

रात्रभर लाइट गेली होती. फ्रीजर उघडलाच नाही. गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. सकाळी लाइट आल्यावर थर्मामीटर बघितला तर उणे ९. सगळं कडकच होतं, त्यामुळे टाकण्याचा प्रश्न नाही. अर्धवट वितळलं असतं तरी बर्फाचे कण दिसत असतील किंवा ४ अंशांच्या आत असेल तर परत गोठवता येतं, पोत जातो एवढंच.

पण पोताचा मुद्दा छोटा नाहीये. तापमान वर खाली झालं की बारीक स्फटिक वितळून ते पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतं, मोठे अजून मोठे होतात. सपाट पिशवीत जी बारीक स्फटिकांची कमाई केली होती ती अशी हळूहळू खर्च होते. दार सारखं उघडणाऱ्या फ्रीजरमध्येही हेच थोडं थोडं रोज होतं. पिशवीत आतून जे बर्फाचं भुरं जमतं ना, ते पाणी दह्यातूनच उडून तिथे जाऊन बसलेलं असतं, म्हणून हवा काढायची.

१५ फेब्रुवारी

महिन्याभराहून जुन्या क्यूबचं विरजण लावलं. लागलं, पण दिवस गेला त्यात, आणि आंबटपणा जरा कमी. एकाऐवजी दोन क्यूब घातले तर वेळ बराच खाली आला. तर विरजणाचा साठा एकदोन महिन्यांतच फिरवत राहायचा आणि पहिल्या लावण्याला जास्त घ्यायचं.

आज फ्रोझन योगर्ट पण करून बघितलं. नुसतं दही गोठवलं तर वीट होते, म्हणून चक्का घेतला, अर्धा किलोला साधारण १०० ग्रॅम साखर, फळाचा गर, आणि उथळ ताटलीत ठेवून अर्ध्या अर्ध्या तासाने काट्याने कडेपासून खरवडून मध्ये आणलं. मशीन करतं ते हेच, गोठता गोठता ढवळत राहून स्फटिक वाढू देत नाही आणि थोडी हवा आत घेतं. पहिले दोन तास फार छान, मऊ. दुसऱ्या दिवशी मात्र कडक, फ्रीजमध्ये वीस मिनिटं ठेवून मग स्कूप करावं लागलं.

ताकाचे क्यूब: वितळल्यावर पाणी आणि साका वेगळा, हलवलं की झालं. ताकात जोडलेलं जाळं नसतंच मुळी, घुसळतानाच मोडलेलं, त्यामुळे फ्रीजरने बिघडवायचं राहिलंय काय. केक आणि पॅनकेकसाठी हे क्यूब आता कायम असतील.

८ मार्च

जानेवारीत ठेवलेले दुधाचे शेवटचे डबे आज काढले. होमोजनाइज केलेल्यात यावेळी तळाला बारीक पांढरा साका आहे, जो पहिल्यांदा नव्हता. हा स्निग्धांश नाही, तो वर तरंगला असता आणि कोमट केल्यावर विरघळला असता. हे प्रथिन आहे. उणे १८ लाही सगळं पाणी गोठत नाही, उरलेल्या थोड्या पाण्यात कॅल्शियम आणि बाकीचे क्षार दाटून बसतात, लॅक्टोज हळूहळू स्फटिक होत जातं, आणि तिथे कोंडलेलं केसीन एकमेकांना चिकटत जातं. हे आठवड्यांच्या हिशोबाने चालतं आणि फ्रीजर जेवढा कमी थंड तेवढं लवकर. मागच्या महिन्यात लाइट गेली होती त्या रात्रीचा यात थोडा हात असणार.

अर्धं दूध ढवळत ६० अंशांपर्यंत गरम केलं तर साक्यातला बराचसा भाग परत मिसळला, थोडा राहिला. उरलेल्या अर्ध्याचं दही लावलंय, ८५ अंशांवर अर्धा तास धरून. लागलं तर घट्टपणा कसा येतो ते उद्या इथेच लिहीन, आणि यापुढे दुधाच्या डब्यावर तारखेशेजारी सहा आठवड्यांनंतरची तारीख पण टाकणार आहे, तोपर्यंत प्यायला, त्यापुढे फक्त शिजवायला.